घरं छापणारे शेजारी

निजामपुऱ्यात आमच्या शेजारी राहणारे एक आर्किटेक्ट वास्तुकलेचं छोटं त्रैमासिक काढत. बिल्डरची जाहिरात घेत नसत. "माणसं नांदतात तेच घर छापायचं," म्हणायचे, तेही खालच्या मजल्यावरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात आवाज न चढवता.

एकदा दापोड्यातल्या एका म्हातारीचं कौलारू घर त्यांनी मुखपृष्ठावर घेतलं. अंक द्यायला मीही सोबत गेलो. घराच्या जागी गोदामाचा पाया खणलेला होता. मुलांनी जमीन विकली होती. शेजारच्या ओटीवर बसलेल्या म्हातारीने फोटोवरून हात फिरवला. "माजाच घर हाय," ती म्हणाली, "पन आता न्हाय."

परतताना ते चष्मा पुसत राहिले. पुढचा अंक निघालाच नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "आपण पोचेपर्यंत घर उरत नाही हो."