उलटे पडलेले ठिपके

शिवकांताबाईंना दिसत नव्हतं, पण ती सबब त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

लातूरच्या अंध मुलींच्या वसतिगृहात त्या शिकवीत. सोळा सालच्या दुष्काळात टँकरही येईनासा झाला, तेव्हा संस्थेनं ठरवलं की शनिवारी मुलींना गावी धाडायचं. दहावीत जाणाऱ्यांसाठी भूगोलाची ब्रेल प्रत एकच होती, बाईंनी खाचांच्या पाटीवर टोच्यानं स्वतः टोचलेली. मुली रिकाम्या हातानं गेल्या तर अभ्यास सुटेल आणि घरचे त्यांना परत पाठवणार नाहीत, हे बाई ओळखून होत्या.

युनिकोडमुळे ब्रेलच्या प्रत्येक आकृतीला संगणकात स्वतःचा क्रमांक मिळालेला. तसा मजकूर भरला की नांदेडचं ब्रेल छापणारं यंत्र हव्या तेवढ्या प्रती उठवून देणार होतं. कारकून विरूपाक्ष उदगीरचा, डोळस. ब्रेल त्याला वाचता येत नसे. कागदावरची आकृती बघायची आणि तशीच पडद्यावरच्या तक्त्यातून उचलायची, असं करून त्यानं सगळं पुस्तक भरलं.

गुरुवारी नांदेडहून नमुन्याचं पान आलं. बाईंनी बोटं फिरवली आणि थांबल्या.

"विरूपाक्ष, ही कुठल्या मुलखाची भाषा?"

"बाई, एकेक ठिपका बघून भरलाय."

"कोणत्या बाजूनं बघून?"

"मागच्या. तिकडं खड्डे ठळक दिसतात. तुम्ही उजवीकडून टोचता, म्हणून मीबी उजवीकडूनच भरत आलो."

बाईंना हसू आलं. पाटीवर उजवीकडून टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं, ही ब्रेलची रीत. यानं कागद उलटलाच नव्हता. अक्षरांचा क्रम बरोबर, पण प्रत्येक अक्षरातली ठिपक्यांची डावी उभी रांग उजवीकडं गेलेली.

"आता पुन्हा भरायचं म्हणजे पंधरवडा," विरूपाक्ष म्हणाला. "उदगीर जिल्हा झाला की यंत्र तिकडंच येईल, तवा बघू."

"तोवर या पोरींची पोरं दहावीला बसतील. बस खाली. 'प' उलटला की 'थ' होतो. 'थ' दिसेल तिथं 'प' घाल, 'प' दिसेल तिथं 'थ'. अशा सगळ्या जोड्या मी ठिपक्यांसकट सांगते."

"पण 'थ'चे 'प' केले की आधीच्या 'प'त मिसळतील." त्यानं पडद्यावरचा तक्ता खाली सरकवला. "आपलं ब्रेल सहा ठिपक्यांचं. तक्त्यात आठ ठिपक्यांच्या आकृत्या रिकाम्या पडून हायेत. 'थ'ला तिथं बसवू, 'प'चा 'थ' करू, मग बसवलेल्याला 'प'च्या जागी आणू."

"मग वाट कसली बघतोस?"

बाई बोटांवर जोड्या लावून सांगत गेल्या, तो बदलत गेला. संध्याकाळच्या आत मजकूर नांदेडला गेला.

शनिवारी एसटीनं गठ्ठा आला, तेव्हा मुली जीपमध्ये बसल्या होत्या. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता.

"बाई, तो वैतागलाय," विरूपाक्ष म्हणाला.

"वैतागू दे."

त्यांनी पहिलं पान वाचलं, मधलं वाचलं, शेवटचंही. मग एकेकीच्या मांडीवर पुस्तक ठेवलं. देवणीच्या जगदेवीनं तिथंच बोट लावलं.

"बाई, यात नद्या लई हायेत."

"सगळ्या पाठ कर. जूनला विचारीन, इथंच."