अ‍ॅम्बेसेडरचं असल इंजिन

नायगावच्या व्यंकटरावांना दोन बायका आहेत, हे मीच गावभर करून ठेवलं होतं. थोरली कावेरीबाई, धाकटी पांढरी अ‍ॅम्बेसेडर. धाकटीला रोज आंघोळ, थोरलीला दिवाळीला लुगडं! कावेरीबाई हसायच्या. "चुलीपाशी तर येत न्हाई ना जी ती? मंग राहू द्या."

गाडी मूळची पेट्रोलची. परवडेना म्हणून व्यंकटरावांनी कधीकाळी तिच्या पोटात डिझेलचं इंजिन बसवलं. तेव्हापासून ती अशी खडखडायची, की फाट्यावर वळली की घरी कळायचं. कावेरीबाई तांब्या घेऊन दारात.

पुढं बाई विसरत चालल्या. आधी भाजीतलं मीठ, मग शेजारणी, मग पोटची सुकन्यासुद्धा. समोर बसलेल्या नवऱ्याला विचारायच्या, "कोन तुमी?" पण खडखड ऐकू आली की तांब्या घेऊन दारात, "आले का जी?" तेवढ्यासाठी व्यंकटराव उगीच फाट्यापर्यंत जायचे अन् परत यायचे. "पोरगी बघून आलाव का?" मी विचारायचो. "हाव, रोज तीच पसंत पडतीय," म्हणायचे.

आमचं नांदेड-लातूरचं जुन्या गाड्यांचं मंडळ आहे. अध्यक्ष लातूरचे अमृतराव. मिशीला अन् बंपरला सारखंच पॉलिश. भर बैठकीत ते बोलले, "व्यंकटराव, वरून अ‍ॅम्बेसेडर अन् आतून ट्रॅक्टर! मेळाव्यात असल इंजिनाचीच गाडी उभी राहील."

माणूस लई इरेला पेटला. देगलूरच्या मलप्पा मिस्त्रीनं कुठून तरी असल पेट्रोल इंजिन आणून बसवलं. जुनं भंगारात गेलं. मेळाव्यात पहिला मान व्यंकटरावांना. अमृतरावांनी स्वतः बॉनेटला हार घातला.

हार तसाच ठेवून ते घरी निघाले. गाडी मांजरीच्या पावलानं गल्लीत शिरली. दारात कुणीच नव्हतं. हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला.

तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. तसेच धर्माबादला भंगारवाल्याकडं पळाले. इंजिन फोडून केव्हाच वितळायला गेलं होतं. मलप्पानं मग दुसरं डिझेलचं बसवून दिलं. खडखडलं तेही, पण त्याची खडखड निराळी. कावेरीबाईंनी कान दिला अन् सुकन्येला म्हणाल्या, "कुनाकडं तरी पाव्हनं आलं वाटतं."

व्यंकटराव उंबऱ्यापाशी आले. बाईंनी परक्या माणसाला पाहून डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"मालक घरी न्हाईत जी. गाडीवर गेलेत. गाडीचा आवाज आला की या."

"बरं बाई," व्यंकटराव म्हणाले, "येतो मंग." अन् परत जाऊन गाडीत बसले.