बोधाचा रकाना

जानेवारीतला दुसरा रविवार, दुपारी चार. स्थळ: जयपूर, टिळक नगर, काकूंचं घर. हजर: काकू, लष्करी वसाहतीतल्या वहिनी, आयटीतली मुलगी, माझ्या सासूबाई आणि चिटणीस म्हणून मी. गैरहजर दोघी, एकीने कळवलं, एकीने नाही.

आमच्या मराठी वाचन मंडळात पुस्तक मोठ्याने वाचतात, कारण जयपुरात वाढलेल्यांना मराठी वाचन जड जातं. पुस्तक संपलं की सर्वानुमते एका ओळीचा बोध वहीत लिहायचा. आजवर एकही रकाना रिकामा राहिलेला नाही.

त्या दिवशी संपलं ते नाझी छळछावणीतून वाचलेल्या एका ज्यू बाईचं आत्मकथन. छावणीत दोघी बहिणी. थोरली रोज प्रार्थना करते. धाकटी, म्हणजे लिहिणारी, आई गेल्यापासून करत नाही. पण पावाचे दोन तुकडे करून मोठा थोरलीला देते.

वाचता वाचता काकूंनी चार पानं एकदम उलटली. मी पुस्तक घरी वाचलं होतं, म्हणून लक्षात आलं. शेवटी त्या म्हणाल्या, "लिही. श्रद्धेनेच तारलं."

"गाळलेली पानं वाचू का?"

"संक्रांत तोंडावर आलीये. अशुभ कशाला?"

मी वाचली. थोरली सुटकेच्या काही दिवस आधी तापाने जाते, ओठांवर प्रार्थना असताना.

"मतलब, प्रार्थना करणारीच गेली?" आयटीतल्या मुलीने विचारलं.

"पण धाकटी पुढे त्यांच्या रीतीप्रमाणे दर शुक्रवारी दिवा लावते ना?" काकू म्हणाल्या. "श्रद्धाच ती."

"बहिणीसाठी लावते. प्रार्थना करत नाही, असं तिनेच लिहिलंय. मी ही ओळ लिहिणार नाही. श्रद्धेने तारलं म्हणायचं, तर जे गेले त्यांची कमी पडली का?"

"तिळगूळ घे आणि जरा गोड बोल."

मी वाटी बाजूला सारली. माझा नवरा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी देवाला दिवा लावत नाही, सासूबाई लावतात. त्या काकूंच्या बाजूने बोलतील असं मी धरून चालले होते.

"माझा मुलगा पूजेआधी चहाला हात लावत नसे," त्या म्हणाल्या. "त्याचं काय कमी पडलं ते मला सांगा, मग लिहा."

"अहो, मी तुमच्याबद्दल नव्हते म्हणत," काकू म्हणाल्या.

"मीही पुस्तकाबद्दलच बोलतेय."

वहिनी हळूच म्हणाल्या, "'बहिणीने बहिणीला जगवलं', असं लिहूया?"

"जगली कुठे ती?" मी म्हटलं.

"मग तूच सांग," काकू म्हणाल्या. खोटं लिहिण्यापेक्षा रकाना कोरा बरा, आणि हे पटत नसेल तर दुसरी चिटणीस बघा, एवढंच मी सांगितलं. वही कोणी मागितली नाही.

आजच्या यादीत तीन कामं होती. काकूंनी सासूबाईंबरोबर दिलेला तिळगुळाचा डबा परत केला. गैरहजर दोघींना काय झालं ते कळवलं. बोध लिहायचा बाकी आहे.