पाटलीण आणि सहा नर्सा

कोंबड्या पाळल्या की अंडी मिळतात, असं लोकांना वाटतं. मिळतात हो, नाही असं नाही, पण अंडी खाऊन संपतात. किस्से संपत नाहीत! सत्तर सालच्या आसपास आमच्या भाईंदरच्या परसात एवढे किस्से साठले, की आजही चार बायका जमल्या आणि कोणी नुसतं 'ऑम्लेट' म्हटलं तरी माझी गाडी सुटते.

तेव्हाचं भाईंदर म्हणजे एका बाजूला स्टेशन, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि मधे आमची बैठ्या घरांची ओळ. प्रत्येक घरामागे छोटं परसू. मी नुकतीच लग्न होऊन रोह्याहून आले होते. घरात हे, सासूबाई आणि सासूबाईंच्या सात गावठी कोंबड्या. मानपानाचा क्रम मात्र उलटा होता. आधी कोंबड्या, मग सासूबाई, मग हे. माझा नंबर अजून लागायचा होता.

ह्या सातजणींतली मुख्य म्हणजे पाटलीण. तांबडी, थोराड, मानेवरची पिसं गेलेली. आधी ती खाणार, मग बाकीच्या. खुराड्यात आधी ती शिरणार, मग बाकीच्या. सासूबाईंनी तिला पिल्लू असल्यापासून हाताने भरवून वाढवलं होतं, आणि ती फक्त सासूबाईंचंच ऐकायची. परसातला एकुलता कोंबडासुद्धा तिला वचकून असायचा.

*

हे गोरेगावला रंगाच्या फॅक्टरीत होते. एका संध्याकाळी बुटांचा खोका घेऊन आले. म्हटलं, चला, एकदाच्या चपला आल्या! तर खोका चिवचिवायला लागला. फॅक्टरीतल्या एका मित्राने पोल्ट्री काढली होती, त्याने सहा पिल्लं भेट दिली होती. पांढऱ्या विलायती जातीची.

ती पिल्लं मी स्वयंपाकघरात बांबूच्या डालग्याखाली वाढवली. तांदळाच्या कण्या हातावरून खायची, पदरात झोपायची. नव्या घरात माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं, त्यामुळे माझा त्यांच्यावर फार जीव जडला, हे सरळच सांगते. बघता बघता त्यांच्या तलंगा झाल्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या. पांढऱ्याशुभ्र, उंच, टापटीप.

सासूबाईंनी त्यांना पहिल्यांदा उन्हात नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "सुमन, ह्या कोंबड्या आहेत की दवाखान्यातल्या नर्सा?"

झालं! तेव्हापासून सगळी ओळ त्यांना नर्साच म्हणायला लागली.

*

मी आपली भोळी. एका सकाळी डालगं उचललं आणि सहाही नर्सा थेट परसात सोडल्या. वाटलं, कोंबड्याच त्या, करतील ओळख आपसात.

पाटलिणीने मान वर केली. एकदा इकडून बघितलं, एकदा तिकडून बघितलं, आणि अशी काही सुटली की काय सांगू! तिच्या मागे बाकीच्या सहा. परसात नुसती पांढरी पिसं. नर्सांना उडता येतं हे मला तेव्हाच कळलं, कारण त्या कुंपणावरून थेट शेजारच्या जयाबेनच्या अंगणात उतरल्या.

जयाबेन पक्क्या जैन. अंड्याचं नाव काढलं तरी कानावर हात ठेवायच्या. पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती, म्हणून त्यांच्या अंगणात खाटेवर पापड वाळत होते. त्यांनी कुंपणापाशी येऊन अगदी शांतपणे सांगितलं, "सुमनभाभी, तुमारी छे नर्स आयी है. हमारे घर में तो कोई बीमार नहीं."

पापड गेले ते गेलेच. सासूबाईंनी मला समोर उभं केलं आणि निकाल दिला. "गटारीपर्यंत ह्या माझ्या कोंबड्यांत मिसळल्या तर राहतील, नाही मिसळल्या तर गटारीला रस्सा." श्रावण लागायच्या आधीचा मटण-कोंबडीचा शेवटचा दिवस तो. थोरले दीर दर वर्षी परळहून खास जेवायला यायचे.

आषाढ तर लागलासुद्धा होता.

*

यांनी मनावर घेतलं. रंगाच्या फॅक्टरीतला माणूस, त्याला सगळीकडे रंगच दिसणार. "प्रॉब्लेम रंगाचा आहे," असं म्हणाले. गावठी तांबड्या, ह्या पांढऱ्या, म्हणून मारामारी. रविवारी बादलीत गेरू कालवला आणि एकेका नर्सेला मानेपासून शेपटीपर्यंत रंगवून काढलं. मी धरायला, हे रंगवायला. नर्सांपेक्षा आम्हीच जास्त रंगलो.

मग त्या लालभडक, ओल्या, चिडलेल्या नर्सा परसात सोडल्या. आणि काय सांगू, प्लॅन यशस्वी झाला! पाटलिणीने चोच लावली नाही. पाटलीण पळाली. तिच्या मागे सगळी टीम पळाली. न्हाणीघराच्या भिंतीवरून उडी मारून सातही जणी कौलांवर चढल्या आणि वर एकमेकींना चिकटून बसून राहिल्या. कोंबडा त्यांच्याही आधी पोचला होता.

दुपार झाली तरी खाली यायचं नाव नाही. सासूबाई बाहेर आल्या. वर बघितलं, लाल नर्सांकडे बघितलं, मुलाच्या लाल हातांकडे बघितलं.

"रंगकाम आटपलं असेल," त्या म्हणाल्या, "तर शिडी लाव आणि माझ्या कोंबड्या उतरव."

*

सासूबाई मनाने वाईट नव्हत्या हो. आपली माणसं कोण आणि परकी कोण, एवढंच त्यांचं पक्कं असायचं.

एकदा मी कोपऱ्यात बसून एका नर्सेच्या डोक्याला हळद लावत होते. पाटलिणीने तिला रक्त येईपर्यंत टोचलं होतं. मला रडू आवरेना. सासूबाईंनी ते पाहिलं. आत जाऊन तांब्याभर पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन आल्या. त्यांच्या खेडच्या घरी नवीन गाय आली की पायावर पाणी घालून तुकडा ओवाळून टाकायचे. लग्नानंतर उंबरठ्यावर मलाही तसंच घेतलं होतं.

सहाही नर्सांच्या पायांवर पाणी घातलं. तुकडा ओवाळला. दृष्ट, द्वेष, जे काय असेल ते त्या तुकड्यात उतरवलं आणि तो लांब फेकला.

तो जमिनीवर पडायच्या आत पाटलिणीने खाल्ला!

त्या दिवशी तिने नर्सांना दुप्पट मारलं. सासूबाई म्हणाल्या, "आता ह्यात माझा इलाज नाही."

*

जयाबेनना गटारीचं कळलं आणि त्यांची झोप उडाली. पापड विसरल्या. रोज दुपारी कुंपणापाशी स्टूल टाकून अंपायरसारख्या बसायच्या. नर्सांना बाजरी टाकायच्या आणि मला आतून बोलावून रिपोर्ट द्यायच्या. आज किसने किसको मारा, कोण पहिली भागी, सगळं. अंडं न खाणाऱ्या ह्या बाईला पंधरा दिवसांत प्रत्येक कोंबडीचा स्वभाव पाठ झाला होता.

शेवटी त्यांनी सासूबाईंसमोर तोडगा ठेवला. सहाही जणींना पांजरपोळात, मुक्या जनावरांच्या आश्रयाला पाठवायचं, पोचवायचं काम जयाबेनचं.

सासूबाई ताडकन उठल्या. "पांजरपोळात? माझ्या घरच्या कोंबड्या?"

'माझ्या घरच्या' म्हणाल्या! मी आणि जयाबेनने एकमेकींकडे बघितलं. पण दुसऱ्याच क्षणी सासूबाई मसाला भाजायला लागल्या. तो गटारीचाच मसाला होता.

*

मग आली कार्मेलीनमावशी. उत्तनची कोळीण, सुकी मासळी घेऊन दर आठवड्याला आमच्या ओळीत फिरायची. माझं रडगाणं ऐकून तिने टोपली खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला.

"येकदम सोडल्यास? आदी नुसतं बगूं दे ना पोरी. दोगींच्या मदी जालं हाय तवर मारामारी न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम आली. घरातलं फाटकं जाळं घेऊन! बांबू रोवून आम्ही ते परसाच्या मधोमध बांधलं. एका बाजूला पाटलीण आणि कंपनी, दुसऱ्या बाजूला नर्सा.

आता गंमत ऐका. त्या जाळ्यात सुका जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, अडकलेला होता, गाठीगाठीत. कोंबडीला आणखी काय पाहिजे! दोन्हीकडून सगळ्या धावल्या. तेरा चोची एकाच जाळ्यावर, अगदी समोरासमोर. जवळा टिपण्याच्या नादात भांडायला कोणाला फुरसतच नाही! कोंबडा तेवढा लांब उभा राहून बघत होता.

असे काही दिवस छान गेले. मग एका दुपारी जयाबेनची हाक आली, "भाभी, दौडो!" मी पीठ भरल्या हातांनीच पळाले. पाटलिणीने मोठ्या भोकातून मान घातली होती आणि ती अडकली होती. धड तिकडे, डोकं नर्सांच्या राज्यात. आणि सहाही नर्सा तिच्याभोवती गोल करून उभ्या!

मला वाटलं, संपलं. आता ह्या सगळा हिशेब चुकता करणार, आणि सासूबाई गटारीचीसुद्धा वाट बघणार नाहीत. मी विळी आणायला धावले. येऊन बघते तर एक नर्स पुढे सरकली, पाटलिणीच्या तुऱ्याला चिकटलेला जवळा तिने अलगद टिपला आणि मागे झाली. बस. पाटलीण डोळे मिटून गप्प होती.

मी जाळं कापून तिला सोडवलं. नर्सांनी तिच्या पिसालाही धक्का लावला नव्हता.

*

गटारीच्या आदल्या दिवशी जाळं काढलं. सगळ्यांचं लक्ष परसात. पाटलिणीने पहिल्याच झटक्यात एका नर्सेला खाण्याच्या पातेल्यापासून टोचून हाकललं. नर्सा शेवटी, उरलंसुरलं खायला.

मी सासूबाईंना म्हटलं, पूर्वीसारखं मारत नाहीत हो आता. त्या म्हणाल्या, "मिसळल्या असत्या तर एकत्र जेवल्या असत्या. शब्द म्हणजे शब्द."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले दीर आले, लसणाची पिशवी घेऊन. आले ते कोयता परजतच परसात गेले. वाटण तयार होतं. हे फॅक्टरीला सुट्टी असूनही कुठेतरी निघून गेले होते. मी दारात उभी होते, कुठे बघावं ते कळत नव्हतं. जयाबेन कुंपणापाशी तोंडाला पदर लावून उभ्या.

सासूबाईंनी कण्या टाकल्या आणि सगळ्यात जवळच्या नर्सेचे पाय धरून तिला उचललं. ती जी ओरडली!

पाटलीण तिकडे टोकाला मातीत लोळत होती. तशीच उठली, पंख पसरून परसाच्या ह्या टोकाला आली आणि उडी मारून सासूबाईंच्या हातावर पडली. सासूबाईंच्या! मनगटावर अशी टोच मारली की रक्त आलं. नर्स हातातून सुटली आणि पाटलिणीच्या मागे जाऊन लपली. मग दुसरी. मग सगळ्याच. पाटलीण पिसं फुलवून त्यांच्यापुढे उभी राहिली आणि सासूबाईंकडे रोखून बघायला लागली.

दिरांचा कोयता तसाच हातात.

सासूबाईंनी मनगट तोंडात धरलं. पाटलिणीकडे बघितलं, तिच्यामागच्या सहा नर्सांकडे बघितलं. मग माझ्याकडे वळल्या.

"सुमन," त्या म्हणाल्या, "घरात बटाटे आहेत का?"