आधी पाणी द्या

पाण्याला इतका हपापलेला साहेब साऱ्या परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. पंचायत समितीतले हे साहेब दुष्काळी कामांसाठी आमच्या गावी यायचे ते पोखर्णीच्या एसटीनं, गावबैठकीला अंथरायची स्वतःची सतरंजी खांद्यावर टाकून. कंडक्टर हमखास विचारायचा, "साहेब, लग्नाला चाललाव व्हय?" साहेब म्हणायचे, "नाही हो, पाणी प्यायला." आणि खरंच, गावात पाऊल टाकलं की घरोघर तांब्याभर पाणी मागत सुटायचे. ज्या घरचं पाणी प्यालो नाही त्या घरासाठी योजना आखायची नाही, हा त्यांचा हट्ट. चहा पुढं केला की हात झटकायचे. "चहात सगळं लपतं!" या हट्टापायी पोट बिघडायचं; मग खिशातला ओवा तोंडात टाकून पुढच्या घरी हजर!

आमच्या बौद्धवाड्यात त्यांनी पाणी मागितलं तेव्हा आई गडबडलीच. नामांतराचे दिवस, गाव आमच्याशी धड बोलत नव्हतं, पाणी कोण मागणार? "साहेब, आमच्या हातचं चालंल का?" "हाताचं काय घेऊन बसलात, आधी पाणी द्या!" ओढ्यात झिरा उकरून भरलेलं गढूळ पाणी आईनं पदरानं गाळून दिलं. साहेब घटाघटा प्याले, वर आणखी मागितलं.

त्या साली गावाला एकच हातपंप मंजूर झाला. सरपंचांनी तो मारुतीच्या पारापाशी, स्वतःच्या विहिरीजवळच, बसवायचा घाट घातला आणि बैठक ठेवली ऐन ऊसतोडीत, आमचा निम्मा वाडा कारखान्यावर असताना. साहेबांनी पारावर नजर फिरवली, पण सतरंजी काही उलगडली नाही. "तहानलेली माणसं परत येऊ द्या," म्हणाले आणि आल्या पावली माघारी! सरपंच लय दिवस धुसफुसत होते.

पाडव्याला माणसं परतली, तशी सतरंजी पसरली आमच्या वाड्यात, भर उन्हात. सरपंचही आले, कडेला टेकले. आईनं दिलेल्या तांब्यातलं पाणी साहेब प्याले आणि तोच तांब्या सरपंचांपुढं धरला. घाम पुसत सरपंच म्हणाले, "मला तहान न्हाई."

"मग मिटलंच की!" साहेबांनी मांडीवर थाप मारली. "ज्यांना तहान आहे, त्यांच्या दारात पंप!"

"तसं न्हवं साहेब, तसं न्हवं," सरपंच म्हणत राहिले. पण आमच्या बायकांनी हसून वाडा डोक्यावर घेतला होता.

पंप बसला तोवर साहेबांची बदली झालेली. पहिल्या घागरीतलं तांब्याभर पाणी आईनं त्यांच्यासाठी झाकून ठेवलं. रोज शिळं ओतायची, ताजं भरायची. "येतेल की," म्हणायची. त्या माणसाचे उपकार आमच्या पिढ्या विसरणार नाहीत. आमचं गढूळ पाणी ते पोटभर प्याले; गोड पाण्याचा एक घोट मात्र आम्हाला त्यांना पाजता आला नाही.