चौकोनाबाहेरच्या पेशी

"एकही नाही?" सर स्क्रीनवर बोट आपटत म्हणाले. "सुजाता, उंदरांना औषध जास्त दिलंस. मारल्यास सगळ्या स्टेम सेल!"

सुजाता आमची पीएचडीची मुलगी, उरणच्या कोळीवाड्यातली. पनवेलजवळच्या त्या लॅबमध्ये मी फ्लो सायटोमीटर चालवायचे. या मशीनमध्ये पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात. पेशीच्या अंगावर वेगवेगळी प्रोटीन असतात, त्यांना मार्कर म्हणायचं. त्यांना चमकणारा रंग लावला की पेशी कुठली ते कळतं.

रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल एरवी हाडांच्या आत सुस्त पडून असतात. औषधाने रक्तपेशी मेल्या की खडबडून कामाला लागतात. त्या जाग्या झालेल्या पेशी शोधणं हाच सुजाताचा विषय. सापडल्या नाहीत तर विषय बंद, असं सरांनी सांगून टाकलं.

पोरगी एरवी पुस्तकी मराठी बोलायची. चिडली की कोळीवाडा बाहेर यायचा. "सर, पेशी हायत! नाय तर उंदीर काय हवेवर रक्त बनवतंय?"

मला हसू आवरेना.

आता आमच्याकडची रीत सांगते. सरांनी स्क्रीनवर एक चौकोन आखून ठेवला होता, त्याला गेट म्हणतात. आतल्या पेशी ठेवायच्या, बाहेरच्या कचरा. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. पण आखला होता तो झोपलेल्या पेशींवरून!

सर गेल्यावर नीट पाहिलं, तर चौकोनाच्या खाली ठिपक्यांचा, म्हणजे पेशींचा, पुंजका. बाकीचे मार्कर जागच्या जागी, फक्त किट नावाचा फिका पडलेला.

"अगं, जाग्या झाल्यावर किट कमी होत असेल तर?"

"म्हणजे ताई, हळदीत नाचणारी आत्या आपण आयकार्डाच्या फोटोवरून शोधतोय!"

सरांना विचारलं तर भडकले. "सापडत नाही म्हणून चौकोन मोठा करायचा? उद्या काय वाट्टेल ते सापडेल!" तेही खोटं नव्हतं.

"मग परीक्षा घ्या," सुजाता म्हणाली. "किरणं देऊन ज्यांचं रक्त बनणं बंद पाडलंय, त्या उंदरांना हा कचरा टोचू. उंदीर मेले तर मी विषय सोडते."

सर कबूल झाले. त्यानंतर रोज सकाळी आम्ही दोघी आधी पिंजऱ्यांपाशी. ज्यांना काहीच टोचलं नव्हतं ते उंदीर गेले. सुजाताचे मात्र एकमेकांच्या डोक्यावर चढून दाणे खात होते. पुढे कितीतरी आठवड्यांनी रक्त तपासलं, तर ते टोचलेल्या पेशींनीच बनवलेलं. पोरीने मला अशी मिठी मारली की चष्मा पडला.

सरांनी रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मागे असंच शून्य आलं म्हणून आपण प्रशांतचा प्रोजेक्ट बंद केला, त्याच्याही पेशी..."

"जिवंत असणार सर," मी म्हटलं. "पण प्रशांत पीएचडी सोडून आता बँकेत असतो."

तेव्हापासून रिपोर्टवर शून्य आलं की मी आधी विचारते, चौकोन कुणी आखला आणि कशावरून.