बनवणारे, बंद केलेले आणि विचाराधीन

भूसुरुंगांविरुद्ध काम करणाऱ्या मंडळात कसले आलेत विनोद, असं मैत्रिणी विचारतात. अगं, आठवड्याला दोन! मी आता मोजायचं सोडलंय.

नारायण पेठेतल्या एका हॉलवर आम्ही जमायचो. अध्यक्ष नेनेकाका, निवृत्त प्राध्यापक. त्यांच्याच वयाची पाच-सहा मंडळी. आणि सॉफ्टवेअरवाली मी एकटी. माझा दादा फौजेत. सरहद्दीवरच्या शेतांत आपणच पुरलेले सुरुंग काढायच्या कामावर. म्हणून मला घाई. बाकी कुणालाच नव्हती!

*

पहिल्या दोन सभा पत्रकावर गेल्या. म्हणजे 'सुरुंग'मधला 'रु' ऱ्हस्व की दीर्घ, यावर.

"काका, ज्याचा पाय जातो त्याला काय फरक पडतो?"

"त्याला नाही. पत्रकाला पडतो."

*

बाहेर बोर्ड लागला आणि लोणी काळभोरचे एक शेतकरी आत आले. "विहिरीला खडक लागलाय. सुरुंगवाला हितंच हाय ना?"

आम्ही सुरुंगाच्या विरोधात आहोत, असं काकांनी वीस मिनिटं समजावलं.

"मग विहीर काय चमच्यानं खणू?"

त्या वर्षी न बोलावता आलेला तो एकमेव माणूस!

*

ऑफिसात सह्या गोळा करत होते. लँडमाइन्स बंद करा, एवढंच. टीम लीडने वाचलं न वाचलं आणि म्हणाला, "मायनिंगला विरोध? अगं, मग आपल्या डेटा मायनिंगच्या प्रोजेक्टचं काय?"

*

सायबर कॅफेतून यादी आणून मी भिंतीवर तक्ता लावला. दोन रकाने : 'बनवणारे देश' आणि 'बंद केलेले देश'. कुणी बंद केलं की त्याची चिठ्ठी उचलून पलीकडे चिकटवायची. आपल्या देशाची चिठ्ठी मी पहिल्या रकान्यात लावली. पुढच्या सभेला बघते तर काकांनी तिसरा रकाना आखलेला : 'विचाराधीन'. त्यात एकच देश.

"काका, आपण बनवतो!"

"बनवतो, पण जबाबदारीने."

मी चिठ्ठी हलवायची, ते परत आणायचे. वर्षभर!

*

दादा परत आला. हॉस्पिटलातून सुटून महिनाभर घरीच होता. मंडळाने सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, सगळं तयार.

हॉलच्या दाराशी काकांच्या अक्षरातली पाटी आहे : 'पादत्राणे बाहेरच काढावीत. अपवाद नाही.'

दादा उंबऱ्यापाशी थांबला. काका पाठमोरे, तक्त्यावर देशाची चिठ्ठी परत तिसऱ्या रकान्यात चिकटवत होते. बुटांचा आवाज ऐकून, मागे न बघताच ओरडले, "अहो, बूट बाहेर! पाटी वाचता येते ना?"

"येते," दादा म्हणाला. "डावा पायासकट निघतो. चालेल?"